उन्हाचा रविवार आणि रायपूरची सतरा नावं

रायपूरला बदली होऊन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा हिवाळ्यात एकच प्रश्न असतो. "साहेब, रविवारी पोरांना कुठं न्यावं?" उत्तरही ठरलेलं असतं. पाण्याच्या घसरगुंड्यांचा पार्क, मॉल, नाहीतर नव्या रायपूरची जंगल सफारी. यातलं काहीच वाईट नाही. मुलं खूश होतात, आईवडिलांना दोन तास बसायला मिळतं. पण तीच घसरगुंडी पुण्यात आहे, नागपुरात आहे, जालंधरलाही आहे. त्यासाठी छत्तीसगडला यायची गरज नव्हती.

सध्या माझा मुक्काम बीरगांवला आहे. कशासाठी, ते नेहमीप्रमाणे लिहीत नाही. रायपूरच्या उत्तरेला, उरल्याच्या कारखान्यांना खेटून वसलेलं हे कामगारांचं गाव. लोखंडाच्या भट्ट्यांची काळी धूळ सकाळी गच्चीवर बोट फिरवलं की हाताला लागते. उन्हाळ्यात इथे दुपारी अकरानंतर माणूस बाहेर पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत छत्तीसगडचं ऊन म्हणजे आईनं पाठीवर ठेवलेला हात. अशा उन्हात पार्कच्या रांगेत उभं राहणं मला पटत नाही. म्हणून आमच्या इथल्या दोन-तीन कुटुंबांसाठी मी एक दिवसाचा फेरा आखला. खर्च फक्त पेट्रोलचा आणि पोह्यांचा. तो फेरा इथे लिहितो आहे. तो मराठी माणसासाठी आहे आणि त्यातही गणवेश घातलेल्या माणसासाठी. कारण या शहरात आपली दोन्ही नाती पुरलेली आहेत, आणि दोन्ही अभिमानानं मिरवावीत इतकी सोपी नाहीत.

आधी रस्ता समजून घ्या

बीरगांवातून जो मोठा रस्ता जातो तो बिलासपूरचा. बिलासपूरच्या पुढे पंचवीसेक किलोमीटरवर रतनपूर आहे, छत्तीसगडच्या कलचुरी राजांची जुनी राजधानी. कलचुरींची एक शाखा रतनपुरात आणि दुसरी रायपुरात राज्य करत होती. म्हणजे आज ज्या रस्त्यावर आपण ट्रकांच्या मागे हॉर्न वाजवत उभे असतो, तो या प्रदेशाच्या दोन राजधान्यांना जोडणारा.

मराठे इथे आले ते 1741 साली. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर, म्हणजे आपले भास्करपंत, बंगालच्या मोहिमेवर निघाले होते. वाटेत रतनपूर होतं. तिथला राजा रघुनाथसिंह म्हातारा झालेला आणि मुलाच्या मृत्यूनं खचलेला. लढायची त्याची तयारीच नव्हती. तोफांनी वाड्याचा एक भाग पाडल्यावर राण्यांनी तटावरून पांढरं निशाण दाखवलं, असा वृत्तांत आहे. पंतांनी शहरावर एक लाख रुपयांची खंडणी बसवली आणि ते पुढे बंगालकडे गेले. 1744 मध्ये अलिवर्दीखानानं बोलणीसाठी बोलावून त्यांना दग्यानं मारलं, ते आपल्याकडे शाळेत शिकवतात. त्यांच्या वाटेवरच्या रतनपूरचं काय झालं, ते शिकवत नाहीत.

काही वर्षांनी कलचुरींची सत्ता पुरती संपली आणि 1758 च्या सुमारास रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले रतनपुरात येऊन राहिले. हे बाकीच्यांहून वेगळे. खंडणी घेऊन परत न जाता ते तीसेक वर्षं इथेच राहिले आणि 1787 च्या डिसेंबरात इथेच वारले. रतनपूर आणि रायपूर हे दोन्ही भाग त्यांनी एका कारभाराखाली आणले. कचेरीत मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी रामाचं देऊळ बांधलं. त्या जागेला आज रामटेकरी म्हणतात, आणि नागपूरच्या माणसाला रामटेक आठवल्याशिवाय राहत नाही. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची पद्धत बिंबाजींनी इथे आणली, असं छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. दसऱ्याला शेजारची छत्तीसगडी मुलं "सोनपत्ती" घेऊन दारात आली, तर ती कुठून आली हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

बिंबाजींनंतर मात्र चित्र बदललं. नागपूरकरांनी इथे सुभेदार नेमायला सुरुवात केली. सुभेदार नागपूरहून यायचा, ठरलेला वसूल नागपूरला पाठवायचा आणि मुदत संपली की जायचा. ज्याला परत जायचंच आहे, तो विहीर बांधत नाही. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, नागपूर दुबळं झालं आणि 1818 पासून छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकारी पाहू लागले. त्याच वेळी राजधानी रतनपूरहून रायपूरला आली. 1830 मध्ये हा मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीनं सगळं नागपूर राज्यच खालसा केलं.

इतकं डोक्यात ठेवून गाडी काढा. पुढचं सगळं उन्हात, पायी आहे.

पहिला थांबा: जयस्तंभ चौक

बीरगांवातून आठ-दहा किलोमीटर. रविवारी सकाळी आठच्या आत पोहोचा, नंतर वाहनांमुळे उभं राहता येत नाही. नागपूरहून कोलकात्याकडे जाणाऱ्या जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडवर, म्हणजे इथल्या भाषेत जीई रोडवर, हा चौक आहे. स्तंभ स्वातंत्र्याच्या आठवणीचा. पण चौकाची ओळख त्याच्याही आधीची. 10 डिसेंबर 1857 ला सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना याच जागी फाशी दिलं, अशी रायपूरची परंपरा आहे.

मुलांना ही गोष्ट सांगताना तलवारीपासून सुरुवात करू नका. धान्यापासून करा. 1856 साली या भागात दुष्काळ पडला. नारायणसिंह बिंझवार आदिवासी जमीनदार होते, सोनाखान परगण्याचे. रयत उपाशी होती आणि कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याच्या कोठारात धान्य भरलेलं होतं. नारायणसिंहांनी आधी मागितलं. मिळालं नाही, तेव्हा कोठार फोडून धान्य वाटलं. आणि आपण काय केलं, हे त्यांनी स्वतः रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला कळवलं. या शेवटच्या गोष्टीपाशी मी थांबतो. लूट करणारा माणूस सरकारला पत्र लिहीत नाही. हा माणूस आपल्या हुकुमाची जबाबदारी लेखी घेत होता.

सरकारनं त्याला चोरी आणि दरोडा ठरवलं. ऑक्टोबर 1856 मध्ये त्यांना अटक झाली. ऑगस्ट 1857 मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले. त्यात इथल्याच तिसऱ्या पलटणीच्या शिपायांची मदत होती, असं सांगितलं जातं. सोनाखानला जाऊन त्यांनी माणसं जमवली. नोव्हेंबरात लेफ्टनंट स्मिथ फौज घेऊन चालून गेला. गाव जाळलं गेलं. रयतेचे आणखी हाल नकोत म्हणून नारायणसिंहांनी डिसेंबरच्या सुरुवातीला स्वतःला स्वाधीन केलं, आणि आठवडाभरात फाशी झाली.

आता मराठी माणसानं ऐकायची बाजू. नारायणसिंहांचे वडील रामराय यांनी 1818-19 मध्येच बंड केलं होतं, आणि ते नुसतं इंग्रजांविरुद्ध नव्हतं. ते भोसल्यांच्या सत्तेविरुद्धही होतं. जमीनदारांनी नागपूरला दरसाल भरायची रक्कम, टाकोळी, हा जुना काटा होता. इंग्रज कप्तानानं ते बंड मोडलं. म्हणजे सोनाखानच्या आठवणीत आपण अटकेपार झेंडे नेणारे वीर नाही. आपण वसुलीला येणारी माणसं आहोत.

हे ऐकून मान खाली घालायची गरज नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या सुभेदाराचा हिशोब कुणी आपल्या मुलाकडे मागत नाही. पण जिथे आपण पोस्टिंगवर जातो, तिथले लोक आपल्याला कोणत्या गोष्टीतून ओळखतात हे माहीत असावं. काश्मीरमध्ये आणि ईशान्येकडे सेवा केलेल्या माझ्या मित्रांना हे समजावून सांगावं लागणार नाही. नकाशावरची टेकडी वाचायला आपण शिकतो. माणसांच्या आठवणीतली टेकडी वाचायला कुणी शिकवत नाही, आणि ठेच मात्र तिथेच लागते.

दुसरा थांबा: पोलीस लाइनचं मैदान

आज जिथे पोलिसांचं परेड मैदान आहे, त्या बाजूला तिसऱ्या पलटणीची छावणी होती, असं इथे सांगतात. आत जायची गरज नाही. कुंपणाबाहेरच्या झाडाखाली मुलांना बसवा, संत्री सोला आणि ही गोष्ट सांगा. मी ती सैनिकाच्या नजरेनं सांगतो, कारण दुसऱ्या कुठल्या नजरेनं मला ती सांगता येत नाही.

नारायणसिंहांच्या फाशीला सहा आठवडेही झाले नव्हते. 18 जानेवारी 1858, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास हनुमानसिंह नावाचा माणूस दोन साथीदारांसह सार्जंट-मेजर सिडवेलच्या घरात शिरला आणि त्यानं तलवारीनं त्याला ठार केलं. हनुमानसिंह हुद्द्यानं मोठा नव्हता. तो मॅगझीन लस्कर होता, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस. आजच्या भाषेत कोतची आणि ॲम्युनिशनची चावी ज्याच्या आसपास असते तो. मूळचा उत्तरेकडच्या बैसवाड्याचा राजपूत. तिथून तो छावणीत धावत गेला आणि त्यानं बाकीच्यांना उठायला सांगितलं. तोफखान्यातले आणि पलटणीतले मोजके लोक उठले. बाकीची पलटण उठली नाही.

इथे थोडं थांबा, कारण सगळी गोष्ट याच एका वाक्यावर उभी आहे. उठाव ठरवणाऱ्यांचा हिशोब असा असतो की एक पडला की शंभर उठतील. त्या रात्री शंभर उठले नाहीत. त्या न उठणाऱ्यांना भेकड म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणणार नाही. अंधारात, हुकूम कुणाचा आहे हे कळत नसताना, शेजारच्या खाटेवरचा माणूस कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसताना, बहुतेक माणसं जागीच थांबतात. ज्यानं कधी रात्री अचानक गोळीबाराचा आवाज ऐकला आहे, त्याला हे ठाऊक आहे. स्मिथनं न उठलेल्या शिपायांना घेऊनच उठलेल्यांना वेढलं. सहा-सात तास ते थोडके लोक लढत राहिले. काडतुसं संपली तेव्हा सतरा जण पकडले गेले. हनुमानसिंह निसटला. त्याच्यावर पाचशे रुपयांचं इनाम लागलं, पण तो कधीच हाती आला नाही.

22 जानेवारीला, म्हणजे चौथ्याच दिवशी, सगळ्या फौजेला समोर उभं करून या सतरा जणांना फाशी दिलं. त्यांची नावं टिकली आहेत. मी ती पूर्ण लिहितो आणि तुम्हीही मुलांना पूर्णच वाचून दाखवा. हवालदार गाझी खान. गोलंदाज अब्दुल हयात. गोलंदाज मुल्लू. मग शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, ठाकूरसिंह, अकबर हुसेन, बल्ली दुबे, लल्लासिंह, बुद्धू, परमानंद, शोभाराम, दुर्गाप्रसाद, नझर मोहम्मद, शिवगोविंद आणि देवीदीन.

ही यादी कुठल्याही कंपनीच्या रोल कॉलसारखी आहे. माझ्या पहिल्या कंपनीत सकाळी नावं पुकारली जायची, तेव्हा कोण कुठल्या धर्माचा हे कानाला वेगळं ऐकू येत नसे. "हाजिर" एवढंच ऐकू यायचं. या यादीतही गाझी खानच्या मागे मातादीन आहे आणि शोभारामच्या पुढे नझर मोहम्मद.

आमच्यातल्या एका हवालदाराच्या मुलीनं ऐकून विचारलं, "पण काका, ऑर्डर मोडली तर चूकच ना?" प्रश्न बरोबर होता. खडकवासल्यात तीन वर्षं आणि त्यानंतर वीस वर्षं मला हेच शिकवलं गेलं की हुकूम मोडणं हा सैनिकाचा सगळ्यात मोठा गुन्हा, आणि ते मला आजही मान्य आहे. पण मी तिला विचारलं, हुकूम कुणाचा? माझी शपथ राज्यघटनेची आहे. ज्यांच्या मतानं सरकार येतं, त्या लोकांच्या फौजेत मी आहे. त्या सतरा जणांची चाकरी एका परदेशी सत्तेची होती. तिनं चार वर्षांपूर्वी वारस नाही म्हणून एक अख्खं राज्य गिळलं होतं आणि सहा आठवड्यांपूर्वी धान्य वाटणाऱ्याला फासावर चढवलं होतं. गणवेश तोच दिसला, तरी शपथ तीच नसते. मुलीला ते कितपत पटलं ते माहीत नाही. ती गप्प बसली, मग तिनं आणखी एक संत्रं घेतलं.

आणि इथेही एक मराठी बाजू आहे. 1857 मध्ये नागपूरला भोसल्यांच्या घराण्यातली सगळ्यात वजनदार व्यक्ती होती म्हाताऱ्या राणी बाकाबाई. राज्य खालसा झालेलं, जडजवाहीर लिलावात गेलेलं. लोकांना वाटत होतं की त्या शब्द टाकतील. त्यांनी टाकला नाही, उलट आपल्या माणसांना शांत राहायला सांगितलं. त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, सीताबर्डी पाहिलेल्या त्या बाईंना नागपूरची गत दिल्लीसारखी होऊ द्यायची नसावी. पण नागपूरचा वाडा शांत राहिला, तेव्हा त्याच राज्याच्या पूर्वेच्या टोकाला एक आदिवासी जमीनदार आणि सतरा शिपाई उठले होते, हेही खरं आहे. आपण ज्यांच्याकडून वसूल घेत होतो त्यांच्यातला एक आणि ज्यांना आपण "परदेशी शिपाई" म्हणत होतो ते.

तिसरा थांबा: महंत घासीदास संग्रहालय

घडी चौकाजवळ. हे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. राजनांदगावचे महंत घासीदास यांनी 1875 मध्ये ते सुरू केलं. नवी इमारत 1953 ची, तिचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केलं. सिरपूरच्या कांस्यमूर्ती सगळे बघतात, त्या बघाव्यातच. पण मी मुलांना आधी एका लाकडाच्या खांबापाशी नेतो.

हा किरारीचा खांब. 1921 साली किरारी गावचा तलाव आटला, तेव्हा चिखलात सापडला. जवळजवळ अठराशे वर्षं पाण्याखाली राहिलेलं लाकूड, त्यावर ब्राह्मीत कोरलेला मजकूर. बाहेर काढून उन्हात ठेवल्यावर लाकूड सुकलं आणि त्याबरोबर अक्षरांच्या ढलप्या उडून गेल्या. आज त्यातलं फार थोडं वाचता येतं. तरीही मजकूर आपल्याला माहीत आहे, कारण अक्षरं उडण्यापूर्वी गावातल्या एका पंडितांनी ती जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. अर्थ कळत नसताना.

आणि मजकूर काय? अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांची यादी. सेनापती आहे, हत्तीवर बसणारा आहे, घोडेस्वार आहे, भांडारावरचा अधिकारी आहे. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीही या मातीत एक फौज होती आणि तिच्या कोठारावर एक माणूस होता, हनुमानसिंहासारखा. त्या सेनापतीचं नाव गाव विसरलं. यादी तेवढी राहिली, तीही कुणीतरी उन्हात बसून नक्कल केली म्हणून.

संग्रहालयाला दीड तास पुरतो. सोमवारी बंद असतं, म्हणून रविवारच बरा.

चौथा थांबा: बुढा तालाब, सप्रे शाळा, दूधाधारी मठ

दुपारी डबे घेऊन बुढा तालाबाच्या काठावर बसा. आता त्याचं नाव विवेकानंद सरोवर. नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, 1877 च्या सुमारास लहानपणी वडिलांबरोबर रायपुरात राहिले होते, त्याची ही आठवण.

शेजारी सप्रे शाळेचं मैदान आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले, जन्म 1871, मध्य प्रदेशातल्या दमोहकडचे. 1900 च्या जानेवारीत त्यांनी रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे यांच्याबरोबर पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये ज्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' मोजतात, ते हेच सप्रे. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारेही तेच. 1926 मध्ये रायपुरातच वारले. लाख्यांच्या नावानं रायपुरात लाखेनगर आहे. या प्रांतात सहकारी चळवळ उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता.

सप्रे-लाखे इथे सुभेदार म्हणून आले नव्हते. ते इथलेच झाले आणि इथल्या भाषेत लिहू लागले. नागपूरहून वसुलीला आलेल्यांची नावं आज रायपुरात कुणाला सांगता येत नाहीत. या दोघांची नावं शाळेवर आणि वस्तीवर आहेत. बिंबाजींचंही तसंच. राहिले, म्हणून रामटेकरी राहिली.

तिथून दूधाधारी मठ जवळ आहे. फक्त दुधावर राहणारे महंत बलभद्रदास, त्यांच्यावरून हे नाव. रामाचं जुनं देऊळ, रामायणातल्या प्रसंगांची शिल्पं, आणि भोसल्यांच्या काळात त्याला मिळालेला आश्रय. भिंतीवर ऊन तिरकं पडतं तेव्हा शिल्पं उठून दिसतात, म्हणून तीन-साडेतीनला जा. मुलांना त्यातली ओळखीची पात्रं शोधायला सांगा. ती तासभर शोधत राहतात.

वेळ उरला तर खारून नदीवरच्या महादेव घाटावर सूर्यास्त पाहा. तिथलं हटकेश्वर महादेवाचं देऊळ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रायपूरच्या कलचुरींच्या काळातलं.

दोन दिवस असतील तर

रायपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर महानदीकाठी सिरपूर. तिथलं विटांचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं, राणी वासटेनं बांधलेलं. महाशिवगुप्त बालार्जुनाची ती आई. विटेत इतकं बारीक काम महाराष्ट्रात मी पाहिलेलं नाही. महानदीच्याच काठी, पंचेचाळीस किलोमीटरवर, राजीमचं राजीवलोचन मंदिर. रतनपूरसाठी पूर्ण दिवस ठेवा. सकाळी सहाला निघालात तर महामाया मंदिर, पडका किल्ला आणि रामटेकरी होऊन रात्री परत येता येतं. आणि ज्यांना जमेल त्यांनी सोनाखानला जा. आता ते बलौदाबाजार जिल्ह्यात आहे, बारनवापारा अभयारण्याजवळ. आम्ही पुढच्या महिन्यात जाणार आहोत.

जाण्याआधी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. ऊन कोवळं वाटलं तरी टोप्या घ्या, पाणी माणशी दोन लिटर. पोलीस मैदानाच्या कुंपणाजवळ फोटो काढू नका, आपण स्वतः गणवेशातले असलो तरी तो शिस्तीचा भाग आहे. मुलांच्या वह्या बरोबर घ्या. आमच्या फेऱ्यात मी प्रत्येकाला सतरा नावं स्वतःच्या अक्षरात लिहायला लावली. मुल्लूच्या नावापाशी सगळी अडली. पुढे आडनाव काय, असं विचारू लागली. आडनाव कुठल्याही यादीत नाही. तसंच लिहा म्हटलं.

माजी सैनिकांपैकी कुणी रायपूर, बिलासपूर किंवा भिलाईला राहिलं असेल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिसऱ्या पलटणीबद्दल किंवा जुन्या छावणीबद्दल काही ऐकलं असेल, तर जरूर कळवा. 22 जानेवारीला सकाळी सात वाजता आम्ही काही जण त्या झाडाखाली नावं वाचणार आहोत. भाषण नाही, हारतुरे नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. मग पोहे.